मुलगा 'प', 'ब' नीट म्हणतो, पण 'आई' दर वेळी वेगळंच येतं. स्वर तर सगळ्यांत सोपे ना?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेचार वर्षांचा आहे, 'आई' कधी 'आ', कधी 'ए', कधी 'आये' असं येतं, डॉक्टरांना अप्रॅक्सियाची (बोलण्याच्या हालचाली मेंदूला नीट आखता न येण्याची) शंका आहे आणि घरचे म्हणतात, स्वर काय, येतील आपोआप. मी स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणून स्पष्टच सांगते: या वयात स्वर चुकत असतील तर वाट बघू नका. बहुतेक मुलांचे स्वर तिसऱ्या वर्षापर्यंत बसलेले असतात. 'र' किंवा 'श' मागे राहिला तर आम्ही फारसं मनावर घेत नाही, स्वर मागे राहिले की कान टवकारतो.

'प'ला ओठाला ओठ लागतो, 'त'ला जीभ दाताला लागते, त्यामुळे जागा चुकली तर मुलाला स्पर्शानेच कळतं. स्वरांना असा टेकू जवळजवळ नाहीच. जीभ किती वर, किती पुढे, जबडा किती उघडा, ओठ गोल की फाकलेले, यावरच सगळं ठरतं. 'आई' म्हणताना जबडा पूर्ण उघडा आणि जीभ खाली असते, आणि तिथून मधे न थांबता जबडा वर, जीभ पुढे-वर, ओठ फाकलेले असं व्हावं लागतं. अप्रॅक्सियात स्नायूंत ताकद असते, पण ही हालचाल आखून क्रमाने करवून घेणं मेंदूला जमत नाही, म्हणून चूकही दर वेळी बदलते. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने २००७ साली अप्रॅक्सियाची जी तीन लक्षणं मांडली, त्यातलं पहिलं हेच: तोच शब्द पुन्हा म्हणताना व्यंजनं आणि स्वर वेगवेगळे चुकणं. उरलेली दोन म्हणजे एका आवाजातून दुसऱ्यात जाताना अडखळणं आणि बोलण्याचा हेल बिघडणं.

डिसार्थ्रिया हा बोलण्याचा दुसरा दोष, तो वेगळा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत तो बराच दिसतो. तिथे स्नायूच कमजोर किंवा ताठ असतात, जीभ टोकाच्या जागांपर्यंत पोचत नाही आणि ई, आ, ऊ तिन्ही 'अ'कडे सरकतात. चूक बहुधा एकाच पद्धतीची असते. काही मुलांत दोन्ही एकत्र असतात.

पण आधी कान तपासून घ्या, मूल हाकेला ओ देत असलं तरी. 'ई' आणि 'ऊ' यांच्या आवाजाचा खालचा भाग जवळपास सारखाच असतो, फरक असतो तो वरच्या पट्टीत. तेवढीच पट्टी ऐकू येत नसेल तर मुलाला दोन्ही एकसारखेच वाटतात.

थेरपीत आम्ही 'आ' वेगळा, 'ई' वेगळा असं घोकून घेत नाही, कारण अडचण दोहोंच्या मधल्या वाटेत असते. समोरासमोर बसायचं, मुलाचं लक्ष आपल्या तोंडाकडे हवं, आणि दोघांनी एकदम, ताणून पण न तोडता 'आऽऽई' म्हणायचं. गरज पडली तर बोटांनी ओठांचे कोपरे हलकेच मागे न्यायचे. जमू लागलं की आपण आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे. मग आपण म्हणायचं, मुलाने थोडं थांबून म्हणायचं. असे चार-पाचच शब्द घ्यायचे, पण रोज आणि पुष्कळ वेळा. 'आई', 'काऊ', 'ये', 'दे' असे त्याला खरोखर लागणारे.

फुगे फुगवणं, शिट्ट्या, जिभेचे व्यायाम यांनी अप्रॅक्सियातलं बोलणं सुधारत नाही. वेखंड चोळण्यानेही नाही. आणि 'जीभ खाली चिकटलीय, कापून घ्या' असं कुणी म्हणालं तर एवढंच विचारा की स्वर दर वेळी वेगळा कसा चुकतो? (ऱ्हस्व-दीर्घावरून मात्र त्याला टोकू नका, बोलताना आपणही तो फरक कुठे पाळतो!)

मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग वाचा-श्रवण संस्थेत तपासणी होते. इतरत्र जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. खासगीत जाणार असाल तर थेरपिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे ना, ते बघा. जाण्याआधी एकच शब्द त्याच्याकडून पाच-सहा वेळा म्हणवून व्हिडिओ काढा, आणि खेळताना आपणहून बोलतो तेव्हाचाही एक. अनोळखी खोलीत मुलं तोंडच उघडत नाहीत, आणि सांगून म्हटलेलं नि सहज म्हटलेलं यांतला फरक आम्हाला बघायचाच असतो.