सुई एकट्या आईच्या हातात नको

फोंड्याच्या ताई, तुम्ही लिहिलंत: मुलगा नऊ वर्षांचा, टाइप १ मधुमेह नुकताच निघालेला, सगळं तुमच्या एकटीवर, सासूबाई म्हणतात ‘पथ्य पाळलं की सुई सुटेल’, आणि तोंडावर गणेश चवथ. माझी लेक सहाव्या वर्षापासून इन्सुलिनवर आहे, आता कॉलेजात जाते. त्या अनुभवावरून लिहिते.

सासूबाईंशी घरात वाद घालू नका, पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या. आम्ही बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळात नेलं होतं. या मुलांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केलेल्या असतात. गोड खाऊन हा होत नाही, कारल्याच्या रसाने जात नाही. सुनेने सांगितलं की भांडण, डॉक्टरांनी सांगितलं की पटतं! नंतर आमच्या सासूबाईच इन्सुलिनचा डोस ठरवायला भात काट्यावर तोलायला लागल्या: १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं. आणखी एक त्यांच्या कानावर घाला. ताप आला, उलट्या झाल्या, पोरगा जेवला नाही, तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. डोस किती, ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

नवऱ्याला ‘जरा मदत करा’ म्हणू नका, एक काम पूर्ण सोपवा. आमच्याकडे रात्रीची सुई आणि फुटबॉलच्या दिवशी मध्यरात्रीची तपासणी बाबांची. दमून खेळलेल्या दिवशी साखर झोपेत उतरू शकते. ७०च्या खाली गेली तर तीन छोटे (चहाचे) चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पेढा-चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर झोपवून १०८ला फोन. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं, पाव्हण्यांनासुद्धा.

आता चवथ. नेवऱ्या (करंज्या), पातोळ्या बंद करायची गरज नाही. घोळ होतो तो लाडाने हळूच नेवरी हातात ठेवणाऱ्या आत्यामुळे, कारण त्या नेवरीचं इन्सुलिन कुणीच दिलेलं नसतं. खा, पण सांगून खा, एवढाच नियम. नेवरी तळलेली असल्याने साखर तीन-चार तासांनीही वर दिसू शकते, तेव्हा पुन्हा बघा.

आकडा वाढला म्हणून रागावू नका. सारखा ओरडा खाणारी मुलं वहीत खोटे आकडे लिहायला शिकतात, आणि मग डॉक्टर त्या खोट्या आकड्यांवर डोस ठरवतात. २८० आले तर ‘काय खाल्लंस?’ऐवजी ‘चल, किती युनिट लागतील बघू’ म्हणा.

तो स्वतः टोचायला लागेल, कदाचित लवकरच. तरीही तेरा-चौदाव्या वर्षी ‘आता तुझं तू बघ’ म्हणून मोकळं होऊ नका. बालमधुमेहतज्ज्ञांची ‘इस्पाड’ ही आंतरराष्ट्रीय संघटनाही किशोरवयात पालकांचा सहभाग चालू ठेवा असंच सांगते. आमची लेक त्या वयात सगळं येत असूनही दुपारची सुई चुकवायची. तेव्हा जेवताना शेजारी नुसतं बसणं पुरायचं.