उत्तर: पीसीजेनमध्ये फीटचं नाव सुधारलं आणि जुन्या पात्रांतून ते गायब झालं

पीसीजेन, म्हणजे डी२० (वीस बाजूंच्या फाशाच्या) रोलप्लेइंग खेळांची पात्रं बनवायचं सॉफ्टवेअर. त्यात तुम्ही लिहिलेल्या एका फीटचं, म्हणजे पात्राच्या खास कसबाचं, नाव सुधारलंत. आता फाइल बिनतक्रार लोड होते, नवीन पात्राला फीट घेता येतं, पण जुनं पात्र उघडलं की त्यातून ते नाहीसं झालेलं असतं. तुमची पोस्ट वाचताना वाटलं, हे मीच कधीतरी लिहिलंय. पीसीसी (काय काय लोड करायचं ते सांगणारी फाइल), एलएसटी (फीट वगैरेंची माहिती असलेली फाइल), टॅब सोडून कॉलम पाडणं हे सगळं तुम्हाला जमलेलं दिसतंय, तेव्हा त्यात शिरत नाही. तुमच्या पोस्टमधली कामाची ओळ शेवटची आहे: 'मधे फक्त स्पेलिंग नीट केलं'. घोळ तिथेच आहे.

एलएसटीच्या ओळीत पहिलं येतं ते नाव. वेगळा 'की' टॅग दिला नसेल तर पीसीजेन त्या नावालाच ओळखखूण धरतं. पात्राच्या पीसीजी फाइलमध्ये तीच खूण लिहिलेली असते, आणि दुसऱ्या फीटची पूर्वअट म्हणून तुम्ही हे फीट घातलं असेल तर तिथेही तीच. नाव बदललं की पीसीजेनच्या लेखी जुनं फीट गेलं आणि कुठलं तरी अनोळखी फीट आलं.

माझ्याकडून झालं ते असं. घरगुती नियमांतल्या 'शॅडो स्टेप' या फीटचं नाव मी घाईत जोडून लिहिलं होतं. सहा खेळाडूंची पात्रं त्यावर कित्येक सत्रं चालली. मग एका रात्री शुद्धलेखनाचा किडा चावला आणि मी मधे एक स्पेस टाकली. एक स्पेस! पुढच्या सत्राआधी सगळ्यांनी फाइल घेतली, पात्र उघडलं, इशाऱ्याची खिडकी आली, ती न वाचता बंद केली आणि पात्र सेव्ह केलं. सेव्ह केलं तिथे खेळ संपला, कारण नव्या पीसीजीत जुन्या फीटचा मागमूसच राहत नाही. वर एक फीट घ्यायचं शिल्लक दिसायला लागलं. एकाने त्या रिकाम्या जागी दुसरं फीट घेतलं आणि 'हे माझ्याकडे पहिल्यापासूनच होतं' म्हणून तासभर वाद घातला. मी तीन संध्याकाळी एलएसटीत टॅब मोजत बसलो. चूक टॅबमध्ये नव्हतीच, म्हणून सापडत नव्हती.

तुम्ही आता काय कराल? सेव्ह करू नका, कुणाला करू देऊ नका. नवीन नाव खुशाल ठेवा, पण त्याच ओळीत टॅब देऊन 'की' टॅग घाला आणि त्यात जुनं चुकीचं नाव जसंच्या तसं लिहा. जुनी पात्रं परत जागेवर येतील. ज्यांनी सेव्ह केलंय त्यांच्या पीसीजीची जुनी प्रत शोधावी लागेल; नसेल तर फीट हाताने पुन्हा घ्यायचं. पीसीजी साधी मजकूर-फाइल असते, एडिटरमध्ये उघडून बघता येते. मात्र आधी प्रत काढा, नंतर मला बोल लावू नका.

माझं ठाम मत: घरगुती फाइलमधल्या प्रत्येक गोष्टीला पहिल्या दिवसापासून 'की' द्यावी आणि तिला पुन्हा हात लावू नये, भले ती कितीही ओंगळ दिसो. काहींना हा अतिरेक वाटतो. त्यांनी अजून नाव बदललेलं नसतं.

जाता जाता, मूळ पुस्तकाच्या फाइलमध्ये फेरफार करू नका. आपल्या फाइलमध्ये त्याच नावापुढे '.मॉड' लावून हवी ती भर घाला, नाहीतर नवी आवृत्ती टाकताना मेहनत पुसली जाते. आणि बोनस 'दोनदा धरत नाही' असं वाटलं तर आधी त्याचा प्रकार बघा. एकाच प्रकारचे बोनस सहसा एकत्र होत नाहीत, हा डी२० चाच नियम आहे. मुद्दाम हवे असतील तर प्रकारापुढे '.स्टॅक' लागतं.

फाइल लोकांना वाटणार असाल तर पुस्तकातला मजकूर उचलून त्यात घालू नका. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा ३.५ चा एसआरडी (खुले केलेले नियम) ओपन गेम लायसन्सखाली आहे आणि ५.१ चा २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखालीही आहे, पण पुस्तकात छापलेलं सगळंच एसआरडीत नसतं. मी वकील नाही, एवढंच मला कळतं.

हे सगळं पीसीजेनच्या सहाव्या मालिकेतल्या आवृत्त्यांवरून सांगतोय. 'की' टाकूनही पात्र रिकामंच उघडलं, तर एलएसटीतली ती ओळ आणि पीसीजीतली फीटची ओळ, दोन्ही इथे टाका. नुसता स्क्रीनशॉट नको, त्यात स्पेस दिसत नाहीत.