बर्फात गाडी थांबली पाहिजे: टायरबद्दल तुमचे प्रश्न

ऑक्टोबर लागला की या सदराकडे टायरचेच प्रश्न यायला लागतात, आणि यंदा तर कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चक्क पुणे-सांगलीहूनही आलेत. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही म्हणून ज्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातील असे निवडलेत.

ताई, आम्ही एप्रिलमध्ये कॅनडात ब्रॅम्प्टनला आलो, वापरलेली होंडा सीआरव्ही गाडी घेतली. टायरवर ऑल-सीझन लिहिलंय आणि एम प्लस एस पण लिहिलंय. ऑफिसमधले म्हणतात विंटर टायर घ्या, पण चार टायर आणि रिम धरून हजार डॉलरच्या वर खर्च जातोय. पहिलंच वर्ष आहे, घर नुकतंच लागलंय. खरंच गरज आहे का?

हो, आहे. आणि पहिलं वर्ष आहे म्हणून तर जास्तच आहे, कारण बर्फात गाडी कशी वागते हे तुम्हाला अजून माहितीच नाही, त्यात टायरही साथ देणार नसेल तर अवघड होतं.

आधी ते एम प्लस एस बघू. मड (चिखल) आणि स्नो (भुसभुशीत बर्फ) असा त्याचा अर्थ, पण ही खूण टायरच्या नक्षीवरून मिळते, म्हणजे खोबणी किती मोकळी आहे वगैरे, त्यासाठी बर्फात टेस्ट द्यावी लागत नाही. तुम्ही जी खूण शोधायची ती वेगळी आहे, तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. ही १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या टायर उद्योगाने आणली आणि ती मिळवायला टायरला खरोखरच्या बर्फावर चाचणी पास करावी लागते. दुकानात गेलात की सेल्समन काय सांगतो ते नंतर ऐका, आधी टायरच्या साइडवर हा डोंगर आहे का ते स्वतः बघा. पण एक लक्षात ठेवा, ती चाचणी दाबलेल्या बर्फावर गाडी किती जोर पकडते याची असते, गुळगुळीत आइसवर, म्हणजे पाणी गोठून झालेल्या कडक बर्फावर, ब्रेक कसा लागतो ते त्यात मोजत नाहीत, त्यामुळे डोंगर असलेल्या दोन टायरमध्येही बराच फरक असू शकतो.

आता मुख्य गोष्ट रबराची. साधारण ७ डिग्रीच्या खाली तापमान गेलं की समर टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि ऑल-सीझनचीही पकड थंडी वाढेल तशी कमी होत जाते, विंटरचं रबर मात्र उणे २० लाही मऊ राहील असंच बनवलेलं असतं. वर त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्या चाक फिरताना उघडतात आणि बर्फाला धरतात, आणि खोबणीत जो स्नो भरतो तोही कामाचा असतो कारण स्नोला स्नो चांगला चिकटतो. म्हणून मी म्हणते की विंटर टायर फक्त बर्फ पडला त्या दिवसापुरते नसतात, कोरड्या पण गोठलेल्या रस्त्यावरही त्यांचा उपयोग होतो, आणि इथे ऑन्टारिओत (ब्रॅम्प्टन याच प्रांतात येतं) नोव्हेंबर ते मार्च बहुतेक दिवस तसेच असतात.

थोडा हिशोब सांगते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून साधारण १२-१३ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तीच गाडी ३५-४० मीटर घेते आणि निव्वळ आइसवर हेच अंतर १०० मीटरच्या आसपास जाऊ शकतं. यात तुमचा पाय ब्रेकवर जायला लागणारा वेळ धरलेलाच नाही. विंटर टायर लावल्याने आइसचा डांबरी रस्ता होत नाही, पण जे काही मीटर वाचतात ते नेमके पुढच्या गाडीच्या डिकीच्या किंवा क्रॉसिंगवरच्या माणसाच्या अलीकडचे असतात.

खर्चाचं म्हणाल तर तो एका वर्षाचा नाही. दोन सेट असले की वर्षभराचं झिजणं दोघांत वाटलं जातं, म्हणजे तुमचे आत्ताचे ऑल-सीझनही जास्त वर्षं जातील. ऑन्टारिओत विंटर टायर सक्तीचे नाहीत, पण २०१६ पासून इथल्या इन्शुरन्स कंपन्यांना त्यासाठी सूट द्यावीच लागते, तुम्ही मात्र फोन करून सांगितलं पाहिजे, आपोआप मिळत नाही. (क्युबेकमध्ये तिथे रजिस्टर असलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च सक्तीच आहे, तिकडे बदली होणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) साध्या स्टीलच्या रिमवर टायर कायमचे चढवून ठेवलेत तर दर सीझनला टायर काढा-घालायचे पैसे वाचतात. आणि मॉडेलला चालत असेल तर विंटरला एक इंच लहान रिम घ्या, टायर स्वस्त पडतो आणि थोडा अरुंद टायर स्नो कापत खाली रस्त्यापर्यंत जातो, रुंद टायर वरच तरंगायला बघतो.

एवढं करूनही बजेट बसतच नसेल तर ऑल-वेदर बघा, ऑल-सीझन नाही. ऑल-वेदरवर तो डोंगर-हिमकण असतो आणि ते बारा महिने ठेवता येतात. ज्यांचं जाणं-येणं गावातल्या गावात आहे, जिथे मीठ टाकून रस्ते लगेच साफ होतात, त्यांचं त्यावर भागतं. रोज पहाटे ४०१ किंवा ४१० हायवेवरून कामाला जाणाऱ्याने खरे विंटर टायरच घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अपॉइंटमेंट आत्ताच घ्या, पहिला स्नो पडल्यावर फोन केलात तर दोन-तीन आठवडे नंबर लागत नाही.

थंडी पडली की डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागतो, पंक्चर तर नसतं. दुर्लक्ष करू का?

नका करू. तापमान ५-६ डिग्री उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) कमी होते. गरम गॅरेजमध्ये १५ डिग्रीला भरलेली हवा बाहेर उणे १५ ला ५ पीएसआयने खाली आलेली असते, दिवा त्यामुळे लागतो. गाडी रात्रभर बाहेर थंड झाल्यावर, चालवायच्या आधी हवा मोजा आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आहे तेवढी भरा. टायरवर जो आकडा छापलेला असतो तो जास्तीत जास्त किती हे सांगतो, तेवढी भरायची नसते. आणि पकड वाढेल म्हणून बर्फात हवा कमी करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो वाळूसाठी असतो.

मॅडम, मी सांगलीचा, रिटायर्ड. मुलगी मिनिआपोलिसला असते, मार्चमध्ये बाळंतपण आहे. जावई म्हणतात आमची गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, आम्हाला वेगळे टायर लागत नाहीत. ते इंजिनिअर आहेत, मी काय बोलणार, पण मन थाऱ्यावर नाही. त्यांचं बरोबर आहे का?

काका, तुमची काळजी योग्य आहे आणि जावईबापूंचं निम्मं बरोबर आहे. ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाते, त्यामुळे बर्फातून गाडी निघते चांगली, चढ चढते, पार्किंगमध्ये अडकून पडत नाही. पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारी चाकांना असतात, त्यात ऑल व्हील ड्राइव्हवाल्याला जास्तीचं काहीच मिळत नाही. थांबायला आणि वळायला रस्त्याला धरून ठेवायचं काम फक्त टायरचं, चार तळव्यांएवढी जागा काय ती रस्त्याला टेकलेली असते. उलट अशी गाडी सुटते इतकी झोकात की रस्ता चांगला आहे असं वाटून स्पीड वाढतो आणि घसरडं आहे हे ब्रेक दाबल्यावर कळतं. ऑल व्हील ड्राइव्ह आणि ऑल-सीझन टायर असलेली गाडी बर्फात थांबवायला, साध्या फ्रंट व्हील ड्राइव्हला (ताकद फक्त पुढच्या चाकांना) विंटर टायर लावलेल्या गाडीपेक्षा जास्त अंतर लागतं.

मिनेसोटाची थंडी म्हणजे जानेवारीत उणे २० काही नवीन नाही, आणि मार्चचं तर वेगळंच, दुपारी वितळतं आणि रात्री परत गोठतं. आइस सगळ्यात निसरडा शून्याच्या आसपास असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो, कडाक्याच्या थंडीत तो त्या मानाने बरा. म्हणजे बाळंतपणाला रात्री-अपरात्री हॉस्पिटलला जायची वेळ येईल ती नेमकी अशाच दिवसांत.

जावयांना सांगायचं असेल तर टायर घ्या असं नका सांगू, एवढंच विचारा की रिकाम्या पार्किंगमध्ये बर्फ असताना ताशी ३० किलोमीटरच्या स्पीडला जोरात ब्रेक दाबून गाडी किती लांब जाते ते तुम्ही बघितलंय का. इंजिनिअर आहेत, एकदा स्वतः बघितलं की पुढचं त्यांचं तेच करतील. आणि बाळाची सीट घेणार आहातच, त्याच यादीत टायर टाका, आजोबांकडून म्हणून दिलेत तर आणखी छान.

मिसिसागात एक जण वापरलेले विंटर टायर विकतोय, दोनच आहेत. पुढे लावले तर चालतील का, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे?

नाही, अजिबात नको. दोन पुढे लावले की पुढची चाकं रस्ता धरतात आणि मागची मोकळी. वळणावर ब्रेक लावलात की वजन पुढे येतं, मागचा भाग हलका होतो आणि सरळ बाहेर फेकला जातो, गाडी गोल फिरते. चारही टायर सारखे पाहिजेत, एकाच मॉडेलचे.

वापरलेले घ्यायला हरकत नाही पण बघून घ्या. साइडवर डॉट (DOT) लिहिलेलं असतं, त्या ओळीचे शेवटचे चार आकडे म्हणजे तारीख, ३८१९ असेल तर २०१९ सालचा ३८ वा आठवडा. सहा-सात वर्षांच्या वरचं रबर वापरलेलं नसलं तरी कडक झालेलं असतं, विंटर टायरचा सगळा जीव त्या मऊपणात असतो. नक्षीची खोली ४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर सोडून द्या, कायद्याची मर्यादा कमी असली तरी बर्फाला तेवढी खोली लागतेच, गोटा झालेला विंटर टायर निव्वळ पैसे घालवणं आहे. साइज आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) गाडीच्या स्टिकरशी जुळवा. टायरवर बाण असेल तर तो चाकाच्या फिरण्याच्या दिशेने बसवून घ्या.

नमस्कार ताई, स्टुटगार्टहून लिहितोय. इथे कलीग म्हणतात ऑक्टोबर ते ईस्टर विंटर टायर ठेवायचे. पण कायद्यात तारीखच नाही म्हणे. मी गाडी वीकेंडलाच काढतो, बारमाही टायर चालतील का?

कलीगचं आणि तुमचं दोघांचं बरोबर आहे. जर्मनीत तारखेची सक्ती नाही, परिस्थितीची आहे: रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, आइस किंवा दव गोठलेलं असेल तर योग्य टायर नसताना गाडी चालवायची नाही, नाहीतर ६० युरो दंड आणि ड्रायव्हिंग रेकॉर्डवर एक पॉइंट. म्हणजे समर टायर लावून गाडी घरासमोर उभी ठेवली तर गुन्हा नाही, चालवली तर आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून फक्त तो डोंगर-हिमकणवालाच टायर धरतात, नुसतं एम प्लस एस आता चालत नाही, त्यामुळे जुने टायर असतील तर आधी ते तपासा.

बारमाही टायरवर तो डोंगर असेल तर कायद्याने चालतो, आणि शहरात वीकेंडपुरती गाडी काढणाऱ्याला तो पुरेसा आहे. पण वीकेंडला म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट किंवा स्कीइंगला ऑस्ट्रियात जाणार असाल तर माझं उत्तर बदलतं. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल रस्त्यावर बर्फ-आइस असेल तर विंटर टायर आणि किमान ४ मिलिमीटर खोली लागते, घाटातल्या काही रस्त्यांवर तर चाकांना चेन लावायची पाटी असते. खोली बघायला २ युरोचं नाणं उभं खोबणीत घाला, बाहेरची चंदेरी कड पूर्ण बुडाली तर साधारण ४ आहे. नवीन घेताना युरोपच्या लेबलवर डोंगराच्या शेजारी आइसचं वेगळं चिन्ह आहे का तेही दिसेल, पण ते स्कॅन्डिनेव्हियासारख्या ठिकाणच्या टायरसाठी, तुमच्या ऑटोबानला (हायवेला) ते मऊ पडतात, त्याच्या मागे लागू नका.

आम्ही पुण्याहून जानेवारीत स्वतःच्या क्रेटाने मनालीला जाणार आहोत, आई-बाबा आणि दोन मुलं. अटल टनेल पार करून सिस्सूला जायचंय. कोणते टायर घालू?

आपल्याकडे पुण्यात दुकानात विंटर टायर सहज मिळत नाहीत आणि पुणे ते मनालीचा बहुतेक प्रवास तर साध्या हवेतला आहे, तिथे मऊ विंटर टायर नुसते झिजतील. त्यामुळे नवीन टायर शोधू नका, आहेत ते चांगल्या खोलीचे असू द्या आणि बर्फाच्या पट्ट्यात गाडी चालवायचीच नाही असं ठरवून निघा. मनालीत किंवा खाली कुल्लूला गाडी लावा आणि पुढे तिथल्याच फोर बाय फोर टॅक्सीने जा. तिथल्या ड्रायव्हरला रस्त्याची सावली कुठे आहे, आइस कुठे जमतो हे माहिती असतं. बर्फ पडला की पोलिसही बहुधा फोर बाय फोर आणि चेनवाल्या गाड्याच पुढे सोडतात, मग मनाली आणि टनेलच्या मधल्या सोलांगच्या अलीकडे लहान मुलांना घेऊन तासन् तास अडकायला होतं.

टनेल ९ किलोमीटरचा आहे, आत रस्ता कोरडा असतो, पण पलीकडे लाहौलची हवा वेगळीच, या बाजूला ऊन आणि तिकडे बर्फ असं होतं. कोरड्यातून बाहेर पडताना स्पीड असतो आणि तोंडावरच आइस, म्हणून बाहेर पडायच्या आधीच स्पीड कमी झालेला पाहिजे. देवदारांच्या सावलीत तर दुपारपर्यंत काळा आइस राहतो, रस्ता नुसता ओला दिसतो.

तरीही चेन सोबत ठेवा, अचानक बर्फ पडला तर खाली उतरायला लागतील. क्रेटा फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, चेन पुढच्या चाकांना लावायची, टायरच्या साइजचीच घ्यायची आणि पुण्यातच सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा लावून-काढून बघायची, उणे ५ ला अंधारात हातमोजे घालून पहिल्यांदा जमत नाही. चेन असताना ३०-४० च्या वर जायचं नाही, डांबर उघडं दिसलं की काढायची. उतारावर खालचा गिअर, ब्रेकवर उभं राहायचं नाही, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. आणि हॉटेल बुक करतानाच विचारा की त्यांच्या दारापर्यंतचा चढ बर्फात चालू असतो का, मनालीत बरीच हॉटेलं मुख्य रस्त्यापासून वर आहेत.