ऑल व्हील ड्राइव्ह गाडीच्या मागून आवाज येतो आणि तेलही गळते. डिफरन्शियल बदलावा का?

आपण विचारले आहे की, खानापूर तालुक्यात फिरणारी आपली ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी, गाडी ताशी 50 किलोमीटरच्या पुढे गेली की मागून घुमल्यासारखा आवाज येतो, रात्रभर उभी राहिली की मागच्या डिफरन्शियलखाली (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीखाली) तेलाचे ठिपके पडतात, आणि गॅरेजने संपूर्ण डिफरन्शियलच बदलायला सांगितले आहे. तर तो खर्च करावा का? मी बेळगावच्या उद्यमबाग भागात गाड्यांच्या दुरुस्तीचेच काम करतो. गाडी न पाहता निदान करणे योग्य नाही, परंतु आवाज आणि गळती या दोन्ही तक्रारींचे मूळ एकाच जागी आहे हे तपासून सिद्ध होईपर्यंत आपण या खर्चाला होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मागचा आवाज टायरचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा आणि गळती साध्या ऑइल सीलची (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या कड्याची), अशा दोन स्वतंत्र गोष्टी एकाच वेळी असणे मुळीच दुर्मिळ नाही.

गळती आधी शोधावी, कारण तेल कमी झाल्यानेही आवाज येतो. ठिपका जिथे पडतो तिथेच गळती असते असे मात्र समजू नये. धावत्या गाडीखालचा वारा तेल मागे ढकलत नेतो, त्यामुळे गिअरबॉक्सला जोडलेल्या, मागच्या चाकांकडे ताकद पाठवणाऱ्या ट्रान्सफर युनिटचे तेलही मागच्या भागावर पसरलेले दिसू शकते. गाडीचा तळ धुऊन पूर्ण कोरडा करावा, थोडे अंतर चालवावी, आणि मग टॉर्च घेऊन जी जागा सर्वांत पुढे आणि सर्वांत वर ओली दिसेल ती गळतीची जागा मानावी. रात्री खाली स्वच्छ पुठ्ठा पसरला तर तेलाचा रंगही कळतो. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल पातळ आणि बहुधा लालसर असते. डिझेल इंजिनाचे तेल काळे असते. मागच्या शॉकअबसॉर्बरमधून पाझरणारे तेलही डिफरन्शियलच्या नावावर खपते, म्हणून तेही पाहावे. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, ओलसर डाग दिसला आणि ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली असली, तर गाडी तिथेच थांबवावी.

यानंतरची तपासणी आपल्या भागात सर्वांत महत्त्वाची आहे, आणि अनेकदा नेमकी तीच राहून जाते. डिफरन्शियलच्या वरच्या बाजूला हवा जाण्यासाठी एक लहानसा ब्रीदर असतो. गाडी चालली की आतले तेल आणि हवा तापते, हवा प्रसरण पावते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसाळी रस्त्यांवरचा तांबडा चिखल त्या तोंडावर बसून वाळला, किंवा उभ्या गाडीत कुंभारमाशीने तिथे मातीचे घर केले, की हा मार्ग बंद होतो आणि आतला दाब तेलाला सीलच्या ओठातून बाहेर काढतो. अशा गाडीला नवे सील बसवले तरी तेही काही दिवसांत पाझरू लागते आणि दोष बिचाऱ्या सीलच्या दर्जाला दिला जातो. उलट प्रकारही तितकाच घातक आहे: चोर्ला घाट चढून तापलेली गाडी वाटेतल्या ओढ्याच्या पाण्यात उतरली की आतली हवा एकदम आकसते, ब्रीदर बंद असेल तर सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते, आणि तेल दुधाळ होते. त्या पाण्याने बेअरिंगच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडले, तर नंतर कितीही चांगले तेल घातले तरी आवाज राहतो. म्हणून ब्रीदर काढून फुंकून पाहावा. पावसाळ्यात वारंवार पाण्यातून जावे लागत असेल, तर त्याला तेल सोसणारी नळी जोडून तिचे तोंड गाडीच्या वरच्या भागात नेऊन ठेवावे. हे काम स्वस्त आहे आणि मी ते आग्रहाने सुचवतो.

तेल तपासताना गाडी सपाट जागी असावी, आणि खालचा बोल्ट उघडण्याआधी भरण्याचा वरचा बोल्ट सुटतो का ते पाहावे, नाहीतर सगळे तेल सांडल्यावर भरायला मार्गच उरत नाही. खालच्या बोल्टच्या चुंबकावर करडी, बारीक लुकण असणे स्वाभाविक आहे. चमकणाऱ्या कपच्या किंवा दात्याचे तुकडे असणे स्वाभाविक नाही. अनेक ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांमध्ये डिफरन्शियलच्या पुढे मागच्या चाकांची ताकद जोडणारी-सोडणारी एक विद्युत-नियंत्रित कपलिंग असते आणि तिचे तेल वेगळे असते, ही गोष्ट तेल भरणाऱ्याला आठवणीने सांगावी.

आता आवाज. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वेग वाढवून तोच आवाज आला, तर त्याचा मागच्या चाकांशी संबंध नाही. तो गाडीच्या वेगाबरोबर बदलत असेल, तर प्रथम टायरचा विचार करावा. पुणे-बेंगळूरु महामार्गाच्या गुळगुळीत डांबरावर आणि गावाकडच्या खडबडीत रस्त्यावर आवाजाचा सूर वेगवेगळा येत असेल, तर टायर जवळजवळ निश्चित आहेत. सूर तोच राहिला, तर मोकळ्या रस्त्यावर सौम्य वळणे घेऊन पाहावे: डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, त्या वेळी घुमणे वाढले तर उजव्या बाजूच्या चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. वळणानेही फरक पडत नसेल, तर वंटमुरी घाटासारखा चढ-उतार उपयोगी पडतो. एकाच वेगाने चढताना ॲक्सिलरेटर दाबून आणि उतरताना, गिअर तसाच ठेवून, पाय काढून ऐकावे. आवाज केवळ एकाच अवस्थेत येत असेल, तर डिफरन्शियलमधल्या क्राउन (मोठे दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारे लहान चक्र) यांच्या दात्यांची बैठक बिघडलेली असण्याची शक्यता अधिक. दोन्ही अवस्थांत सारखाच खरखरता आवाज असेल, तर आतल्या बेअरिंगची. उतारावर न्यूट्रल करून हा प्रयोग कधीही करू नये.

निघताना किंवा रिव्हर्स घेताना एकदाच ‘टक’ होत असेल, तर प्रॉपेलर शाफ्टचे (ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, पाहावेत. पूर्ण वळवून हळू चालवताना टकटक येत असेल, तर पुढच्या चाकाच्या शाफ्टचा बाहेरचा जॉइंट, आणि त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेले दिसतेच.

टायरविषयी आणखी एक सांगणे आवश्यक आहे. पुढच्या आणि मागच्या टायरच्या नक्षीत 3 मिलिमीटरचा फरक असला, तर परिघात सुमारे 19 मिलिमीटरचा फरक पडतो. साधारण 2.2 मीटर परिघाच्या चाकाला त्यामुळे किलोमीटरमागे जवळजवळ चार फेरे जास्त पडतात, आणि तो फरक सतत कपलिंग किंवा मधला डिफरन्शियल सोसत राहतो. फक्त दोन नवे टायर घालून वापरलेल्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांत मागचा भाग तापणे आणि सील लवकर जाणे यांमागे हे कारण असू शकते. परवानगीची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत पाहावी.

पिनियनच्या सीलमधूनच तेल येत असेल, तर सील बदलण्याआधी प्रॉपेलर शाफ्ट सोडवून पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जिला जोडतात ती तबकडी) हाताने वर-खाली हलवून पाहावा. वर-खाली खेळ असता कामा नये. असेल, तर बेअरिंग झिजले आहे, पिनियनचा शाफ्ट डगमगतो म्हणून सील टिकत नाही, आणि आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ खरोखर एकच आहे. ही तपासणी करताना इंजिन बंद असावे. केवळ मागची चाके जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये चालवून पाहण्याची सवय ऑल व्हील ड्राइव्हमध्ये जीवघेणी ठरू शकते, कारण जमिनीवरच्या चाकांना ताकद मिळाली की गाडी स्टँडवरून उडी घेते.

फ्लँजला खेळ नसेल, तर नवे सील पुरेसे आहे; मात्र पिनियनचा नट हवेच्या गनने कसू देऊ नये. बऱ्याच डिफरन्शियलमध्ये त्या नटाखाली दबणारी एक नळी असते आणि बेअरिंगवरचा ताण तिच्यावर ठरतो. नट जास्त कसला की ती आणखी दबते, बेअरिंग तापते आणि आधी नसलेला आवाज सुरू होतो. काढण्यापूर्वी नट, शाफ्ट आणि फ्लँज यांवर खूण करावी आणि शाफ्ट फिरवायला किती जोर लागतो ते मोजून ठेवावे.

दाते तुटलेले किंवा खड्डे पडलेले निघाले, तर मात्र गॅरेजचा सल्ला बरोबर ठरेल. तेव्हाही क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलावेत. जुना तयार डिफरन्शियल घेणार असाल, तर त्याचे गिअर प्रमाण आपल्या मूळ भागाशी तंतोतंत जुळते का हे दात्यांची संख्या मोजून पाहावे. प्रमाण वेगळे निघाले, तर पुढची आणि मागची चाके एकमेकांविरुद्ध ओढत राहतील आणि नवा खर्च कपलिंगवर येईल.