वाचक विचारतात : फौजदारी न्यायव्यवस्थेचा पदव्युत्तर अभ्यास

प्रश्न : मी मानसशास्त्राची पदवीधर आहे. फौजदारी न्यायव्यवस्थेत एम.ए. करायचं आहे. कायद्याची पदवी नसल्याने अडेल का? सुट्टीत काय वाचू?

उत्तर : सहसा अडत नाही. इथे कलमं पाठ करायची नसतात. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग प्रत्यक्षात कसे चालतात, एकाच्या निर्णयाचा दुसऱ्यावर काय भार पडतो, हे तपासायचं असतं. (बोटांचे ठसे आणि रक्ताचे नमुने मनात असतील, तर तो न्यायसहायक विज्ञानाचा वेगळा अभ्यासक्रम.) विद्यार्थी अडकतात ते संख्याशास्त्रात. त्यामुळे सुट्टी नमुनानिवड, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत, त्याचं माप) आणि रिग्रेशनला (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मांडण्याची पद्धत) द्या. त्यातही लॉजिस्टिक रिग्रेशन नीट शिका, कारण या विषयातली बरीच उत्तरं हो-नाही अशी असतात : जामीन मिळाला की नाही, सुटल्यावर पुन्हा अटक झाली की नाही.

प्रश्न : गस्त वाढवली की गुन्हे घटतात का, हा माझ्या प्रबंधाचा विषय. पोलिसांकडच्या नोंदी मिळाल्या आहेत, तरी गाइड म्हणतात की तेवढ्यावर भागणार नाही. का?

उत्तर : गाइडचं बरोबर आहे. नोंद म्हणजे घडलेला गुन्हा नव्हे. कोणीतरी तक्रार केली आणि पोलिसांनी ती लिहून घेतली, एवढंच त्यातून कळतं. गस्त वाढली की पोलीस हाताशी येतात आणि एरवी गप्प बसणारेही तक्रार करतात. मग चोऱ्या कमी होत असतानाही नोंदी वाढलेल्या दिसू शकतात.

शिवाय मोजण्याचे नियम बदलतात. अमेरिकेत एफबीआयच्या जुन्या पद्धतीत एका घटनेतला साधारणपणे सर्वांत गंभीर गुन्हाच धरत. 2021 पासून त्या पद्धतीची जागा घेणाऱ्या एनआयबीआरएस या घटनावार नोंदपद्धतीत एका घटनेतले 10 पर्यंत गुन्हे नोंदवता येतात. हा सांधा न पाहता सलग आलेख काढला, तर पद्धतीतला बदल गुन्हेगारीतला बदल म्हणून गळ्यात पडतो.

म्हणून जोडीला पीडितांचं सर्वेक्षण घ्या. त्यात लोकांनाच विचारतात, तक्रार केली असो वा नसो. खून आणि अमली पदार्थांचे व्यवहार मात्र त्यात सापडत नाहीत.

तुमच्या विषयासाठी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा 1972-73 मधला प्रयोग बारकाईने वाचाच. 15 बीट्सचे (गस्तीसाठी पाडलेल्या भागांचे) पाच-पाचचे तीन गट केले : एकात नेहमीची गस्त बंद (फोन आला तरच गाडी जाणार), दुसऱ्यात पूर्वीइतकीच, तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट. नोंदींबरोबर सर्वेक्षणही केलं. गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत ठळक फरक दिसला नाही. पण गटात पाचच बीट्स, त्यामुळे लहानसा परिणाम झाला असता तरी तो निसटला असता. ‘गस्तीचा उपयोग नाही’ असं त्यावरून लिहू नका. त्या प्रयोगात गस्त अख्ख्या बीटवर पसरलेली होती. मोजक्या गुन्हेप्रवण ठिकाणी एकवटलेल्या गस्तीचे निष्कर्ष पुढे बरेच आशादायक आले.

तुमच्या आराखड्यात गस्त न वाढलेला, पण तसाच एक भाग तुलनेला ठेवा. आधीच्या किमान दोन-तीन वर्षांचे महिनावार आकडे घ्या, म्हणजे ऋतूंचा चढउतार वेगळा काढता येईल. आणि भोवतालचा पट्टाही मोजा, गुन्हे तिकडे सरकले का ते कळायला.

प्रश्न : कैद्यांच्या मुलाखती शेवटच्या सत्रात घेतल्या तर चालेल?

उत्तर : उशीर होईल. विद्यापीठाची एथिक्स कमिटी आणि तुरुंग प्रशासन, दोन्हीकडची परवानगी लागते आणि दोन्हीकडून दुरुस्त्या सुचवल्या जातात. पहिल्याच वर्षी अर्ज टाका. मुलाखत दिली तर सुटका लवकर होईल, असा समज कैद्याचा होऊ शकतो. तसं होणार नाही, हे संमतिपत्रात साध्या भाषेत लिहा आणि वाचूनही दाखवा. उघड न झालेल्या गुन्ह्याची नावं, तारखा, जागा विचारू नका, कारण गोपनीयतेचं वचन कायद्यापुढे टिकेलच असं नाही. रेकॉर्डर आत नेऊ देतील हे गृहीत धरू नका. हाताने टिपणं घ्यायचा सराव करा आणि ती त्याच दिवशी विस्ताराने लिहून काढा. परवानगी नाकारली गेली, तर प्रसिद्ध निकालपत्रांवर उभा राहील असा पर्यायी आराखडा गाइडकडून आधीच मंजूर करून घ्या.