शाहचे बैत देवनागरीत, सगळ्यांसाठी

प्रश्न : सासऱ्यांनी जपलेले ‘शाह जो रिसालो’चे (सिंधी कवी शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्यसंग्रहाचे) तीन जुने खंड आमच्याकडे आहेत, संपादक गुरुबक्षाणी. मी मराठी, माझे यजमान सिंधी. सासूबाई ते वाचतात, गातातही. मुलांना मात्र ती अरबी वळणाची लिपी येत नाही. सगळं देवनागरीत टाइप करून इंटरनेटवर फुकट ठेवावं म्हणते. कायद्याने चालेल का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, उल्हासनगर

उत्तर : चालेल, बिनदिक्कत ठेवा. शाह अब्दुल लतीफ १७५२ साली गेले, त्यांच्या बैतांवर, म्हणजे पद्यांवर, कुणाचाच हक्क नाही. हक्काचा प्रश्न येतो तो संपादकाच्या टिपांचा आणि प्रस्तावनेचा. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतो. होतचंद गुरुबक्षाणी १९४७ साली वारले, म्हणजे तुमचे खंड २००८पासून टिपांसकट मोकळे आहेत. कल्याण आडवाणींची आवृत्ती कुणी आणून दिली तर तिच्या टिपा मात्र घेऊ नका. ते १९९४ साली गेले.

टाइप करायला बसण्याआधी प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढा आणि तिन्ही खंड इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. हे मी आग्रहाने सांगते. माझा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला. मूळ पान शेजारी नसेल तर टाइप केलेल्या ओळीवर मी विश्वास ठेवत नाही. त्यात ही लिपी म्हणजे नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा, खेळ. होडीसारखी एकच रेघ : खाली एक नुक्ता दिला तर ब, दोन दिले तर आत ओढून म्हणायचा सिंधी ब, तीन दिले तर प, चार दिले तर भ. जुन्या छपाईत एक नुक्ता पुसट असला की शब्दच बदलतो. उर्दूसाठी केलेल्या साधनाने पान वाचून घेण्याचा मोह होईल, पण उर्दूत ‘क’ म्हणून जे अक्षर लिहितात तेच सिंधीत ‘ख’ आहे. पुढचं तुम्हीच ताडाल.

देवनागरीतही एक खाच आहे. सिंधीतले आत ओढून उच्चारायचे चार वर्ण आपल्या ग, ज, ड, बने भागत नाहीत. त्यांच्यासाठी खाली आडवी रेघ असलेली ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरं २००६पासून युनिकोडमध्ये आहेत. मराठी कीबोर्डवर ती सहसा सापडत नाहीत, म्हणून सिंधी देवनागरीचा कीबोर्ड आधी फोनवर घाला. साध्या ‘ब’वर भागवलंत तर मुलं चुकीचं वाचतील आणि शोधणाऱ्याला तो बैत सापडणारही नाही.

आणि अरबी लिपीतला मजकूर वगळू नका. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. सिंधमध्ये तीच लिपी चालते, आणि शाहची कबर जिथे आहे त्या भिटशाहच्या आसपासच्या वाचकालाही तुमच्या कामाचा उपयोग व्हायला हवा. लिपीचं सोवळं या कवितेला कधीच नव्हतं : शिकारपूरचे सिंधी कवी सामी आपले श्लोक गुरुमुखीत चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाकत, असं सांगतात.

प्रत्येक सुराच्या (रिसालोतल्या प्रकरणाला सूर म्हणतात) वर आवृत्तीचं नाव आणि खंड लिहा. जर्मन अभ्यासक ट्रुम्प यांनी १८६६ साली लाइपझिगला छापलेला रिसालो आणि तुमचा रिसालो एक नाही. शाहचे नसावेत असे वाटलेले बैत गुरुबक्षाणींनी गाळले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तसलंच हे काम. कुणाची निवड आपण वाचतोय हे वाचकाला कळलं पाहिजे. शिवाय गुरुबक्षाणींचे तीनच खंड निघाले, चौथा निघालाच नाही. तेव्हा पाटीवर ‘संपूर्ण’ लिहू नका.

सुरुवात सूर मारुईपासून करा, असं मला मनापासून वाटतं. या सुराची नायिका, उमरकोटात डांबलेली मारुई, मलीरच्या आपल्या माणसांसाठी झुरते. फाळणीत सिंध सोडून आलेल्या घराला ती वेगळी समजवावी लागत नाही. सासूबाईंकडून बैत म्हणवून घ्या आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा. दोहा जवळचा असला तरी बैताचं यमक पुष्कळदा शेवटच्या ओळीच्या मधेच पडतं. कुठे थांबायचं ते कागदावरून कळत नाही, त्यांच्या तोंडून कळेल. तुमचं टाइप केलेलं त्यांनाच मोठ्याने वाचून दाखवा, त्या चुका तिथल्या तिथे पकडतील.

एक सूर झाला की लगेच खुला करा, तिन्ही खंड पुरे होण्याची वाट बघू नका. ‘कुणीही उतरवून घ्यावं, छापावं, गावं’ एवढं वाक्य वर स्पष्ट लिहा, आणि चुका कळवायला एक ई-मेल पत्ता द्या.