रिकाम्या कॅनव्हाससमोर हात का थांबतो?

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून ग्रासहॉपर शिकतेय, म्हणजे ऱ्हायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कंपोनंट नावाचे ठोकळे वायरींनी जोडून आकार घडवायचं साधन. व्हिडिओ लावून केलं की सगळं जमतं, बरेचसे कंपोनंट ओळखीचे झालेत. पण स्वतःच्या डिझाइनसाठी रिकामा कॅनव्हास उघडला की काहीच सुचत नाही. त्यातच सरांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना महिनाभर शिकवायला सांगितलंय. मलाच पुरतं येत नसताना मी शिकवू का? आधी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकू का? आणि आईबाबा विचारतात, एका सॉफ्टवेअरवर करिअर होतं का? चार वर्षांनी दुसरं काही आलं तर?

उत्तर : तुझ्या प्रश्नांपेक्षा तुझी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटली, म्हणून तिथूनच सुरुवात करते. व्हिडिओ बघून जमतं आणि एकटीला जमत नाही, याचं कारण असं की व्हिडिओ करणाऱ्यानं प्रश्न आधीच सोडवलेला असतो. कुठली वायर कुठे जोडायची ते तो दाखवतो. ती तिथेच का जोडायची, त्याआधी त्याचे कोणते दोन मार्ग फसले, हे पडद्यावर येतच नाही. तू दोन वर्षं तयार उत्तरं उतरवून घेतलीस. प्रश्न मांडायची वेळ तुझ्यावर आलीच नाही, आणि रिकामा कॅनव्हास नेमकं तेच मागतो.

एक प्रयोग आजच करून बघ. ५ बिंदूंची एक लिस्ट घे, ३ बिंदूंची दुसरी घे आणि दोन्ही लाइन कंपोनंटला, म्हणजे दोन बिंदूंमध्ये रेषा काढणाऱ्या ठोकळ्याला जोड. जोडण्याआधी कागदावर लिही, किती रेषा येतील? बरेच जण ३ म्हणतात, काही जण १५. येतात ५. पहिले तीन बिंदू आपापल्या जोडीदाराला मिळतात. चौथा आणि पाचवा मात्र समोरच्या तिसऱ्याच बिंदूला जाऊन चिकटतात, कारण लहान लिस्ट संपली की ग्रासहॉपर तिचा शेवटचा आयटम पुन्हा पुन्हा वापरतं. आता पहिली लिस्ट ग्राफ्ट कर. तिच्या ५ ब्रँच (वेगळे गट) होतात, प्रत्येकीत एक बिंदू, आणि तो समोरच्या तिघांनाही जोडला जातो. रेषा १५. आता दुसरी लिस्टही ग्राफ्ट कर. पुन्हा ५, आणि त्याही पहिल्याच ५, कारण आता ब्रँचला ब्रँच जुळते आणि शेवटची ब्रँच पुन्हा वापरली जाते.

यात लक्षात घेण्यासारखं हे, की तिन्ही वेळा कंपोनंट राखाडीच राहतो. नारिंगी झाला तर काहीतरी कमी आहे हे कळतं, लाल झाला तर चुकलंय हे कळतं. पण तुला १५ रेषा हव्या असताना ५ आल्या, तर सॉफ्टवेअर एक अक्षर बोलत नाही. त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक आहे. काय हवं होतं ते फक्त तुला माहीत असतं, आणि तुलाही ते माहीत नसेल तर चूक कुणालाच दिसत नाही. डेटा ट्री, म्हणजे ब्रँचमधली ही मांडणी, कळत नाही म्हणून आधी ग्राफ्ट, ते नाही चाललं तर फ्लॅटन (सगळं एका लिस्टमध्ये), मग फ्लिप मॅट्रिक्स (ओळी-स्तंभांची अदलाबदल), असं चित्र बरं दिसेपर्यंत बटणं दाबत राहणारे विद्यार्थी मी खूप पाहिलेत. त्यातले काही फार सुंदर रेंडर (खऱ्यासारखी चित्रं) काढतात. दुसऱ्या दिवशी तीच डेफिनेशन (वायरींनी जोडलेली पूर्ण रचना) दुसऱ्या सरफेसवर (पृष्ठभागावर) चालवायला सांगितली की अडतात.

तुझ्या विषयात ‘अॅडव्हान्स्ड’ हा शब्द फार सैल वापरला जातो. दहा प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) टाकली, कॅनव्हासभर वायरी झाल्या की माणूस अॅडव्हान्स्ड. मला ते पटत नाही. प्रत्येक वायरमधून किती आयटम, किती ब्रँचमध्ये, कोणत्या क्रमानं जातायत हे पॅनल (वायरीतला डेटा दाखवणारा कंपोनंट) न जोडता सांगता येणं, आणि आकाराचे नियम कॉम्प्युटर उघडण्याआधी साध्या वाक्यांत लिहिता येणं, या दोन गोष्टी जमल्या की पुढचं सगळं मिळवता येतं.

नियम लिहिणं म्हणजे काय, ते एका छपराच्या उदाहरणावरून सांगते. वळणदार सरफेस आहे, त्यावर काचेची चौकोनी पॅनल बसवायची आहेत. यू आणि व्ही या सरफेसच्या दोन्ही दिशांना १० भाग केले तर बिंदू १०० येत नाहीत, १२१ येतात, कारण १० भागांना ११ टोकं लागतात. पॅनल मात्र १००च. (बंद वर्तुळाचे १० भाग केले तर बिंदूही १०च येतात, हेही तपासून घे.) इथपर्यंत हिशोब आहे. खरा प्रश्न पुढे येतो. तीन बिंदू नेहमी एका प्रतलात असतात, चार असतीलच असं नाही. वळणदार सरफेसवर घेतलेले चार कोपरे बहुतेकदा नसतात. म्हणजे तुझी चौकोनी काच किंचित पिळलेली निघणार, आणि सपाट काच तिथे नीट बसणार नाही. पडद्यावर हा पीळ दिसत नाही, कारण पडदा कुठलाही पिळलेला चौकोन आनंदानं काढून देतो. एका पॅनलच्या दोन कर्णांमधलं सर्वांत कमी अंतर मोजलंस तर पीळ किती आहे ते आकड्यात कळेल. मग निर्णय तुझा : त्रिकोण घ्यायचे, सरफेस बदलायचा, की काच वाकवायची.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रेट कोर्टचं छप्पर नक्की अभ्यास. ते २००० साली खुलं झालं. बाहेरून चौकोनी अंगण, आत गोल वाचनालय, तेही अगदी मधोमध नाही, आणि या दोन्ही कडांना जोडणारं काचेचं जाळं. ३,३१२ काचा, सगळ्या त्रिकोणी, वेगवेगळ्या आकारांच्या. त्या जाळ्याची भूमिती अभियंते ख्रिस विल्यम्स यांनी गणितानं मांडली आणि त्यासाठी स्वतः प्रोग्राम लिहिला. तेव्हा ग्रासहॉपर नव्हतंच. डेव्हिड रटन यांनी ते २००७ मध्ये आणलं, तेव्हा त्याचं नाव एक्स्प्लिसिट हिस्टरी होतं. ऱ्हायनो ६ पासून, म्हणजे २०१८ पासून, ते ऱ्हायनोबरोबरच येऊ लागलं.

आईबाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. नात्यांवरून आकार घडवायची कल्पना ग्रासहॉपरपेक्षा खूप जुनी आहे. स्पेनचे वास्तुविशारद गाउदी यांनी दोऱ्या आणि वजनं टांगून कमानींचे आकार शोधले. एका जागी वजन बदललं की सगळं जाळं स्वतःला सावरून घ्यायचं. आज ताण आणि वजनांचा समतोल शोधणारं कांगारू सॉल्व्हर ग्रासहॉपरमध्ये वापरताना तू तेच करतेस. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांच्या स्केचपॅड या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये ‘या दोन रेषा समांतर राहू दे’ असं कॉम्प्युटरला सांगता येत होतं. ग्रासहॉपर उद्या मागे पडेलही. इमारतींचे आराखडे करायच्या रेव्हिट सॉफ्टवेअरवाले डायनामो वापरतात, थ्रीडीच्या ब्लेंडरमध्ये २०२१ पासून जिओमेट्री नोड्स (जोडायचे ठोकळे) आहेत, हूडिनीवाले कितीतरी आधीपासून नोड्समध्येच काम करतात. बटणांची नावं सगळीकडे वेगळी असतील, पण लिस्ट कशी जुळते, डोमेन (आकड्यांची सुरुवात आणि शेवट) म्हणजे काय, प्लेन (प्रतल) कुठल्या दिशेला बघतंय, हे प्रश्न तेच राहतात. त्यांची उत्तरं येणारी व्यक्ती महिन्याभरात दुसरं टूल उचलते.

आता शिकवण्याबद्दल. जरूर शिकव. तुला स्वतःला पुढे न्यायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही, कारण समोरचा मुलगा ‘इथे ग्राफ्ट का?’ असं विचारेल तेव्हा ‘व्हिडिओत होतं म्हणून’ असं तुला म्हणता येणार नाही. फक्त सरांना आधीच सांग, की महिन्याभरात मुलांकडून भव्य टॉवर काढून घेणार नाहीस. पहिल्या तासाला लॅपटॉप बंद ठेवायला सांग. साधी पट्ट्यांची जाळी कागदावर काढायला लाव आणि तीन गोष्टी लिहून घे : दिलेलं काय आहे, बदलणार काय आहे, काहीही झालं तरी कायम काय राहिलं पाहिजे. ही तिसरी ओळ मुलांना लिहिता येत नाही. तिच्यावर वेळ घालव. खरं डिझाइन तिथेच असतं.

दुसऱ्या तासापासून एकच शिस्त : वायर जोडण्याआधी अंदाज सांगायचा. किती आयटम येतील, किती ब्रँच? मग पॅनल जोडून बघायचं. अंदाज चुकला की थांबायचं, वायरी बदलत बसायचं नाही, का चुकला ते शोधायचं. वर्ग सुरुवातीला फार हळू चालेल. चालू दे. आणि त्यांचा माउस हातात घेऊ नकोस. तुला दहा सेकंदांत दिसलेली चूक त्यांना दहा मिनिटांनी सापडेल, पण ती मग त्यांची राहील.

मधल्या आठवड्यात चालती डेफिनेशन मुद्दाम बिघडवून दे. माझा आवडता बिघाड सांगते. सरफेस रीपॅरामीटराइज करायचं, म्हणजे त्याचं डोमेन ० ते १ करायचं, काढून टाक आणि बिंदू ० ते १ च्या स्लायडरवर ठेव. सरफेसचं डोमेन ० ते ४० असेल तर सगळे बिंदू एका कोपऱ्यात गोळा होतात. कुठलाही कंपोनंट लाल होत नाही. मुलं वायरी तपासतात, स्लायडर हलवतात, शेवटी कुणीतरी डोमेनचा आकडा पॅनलमध्ये बघतं. ज्याला तो दिसतो तो डोमेन जन्मात विसरत नाही.

महिन्याच्या शेवटी प्रत्येकाच्या फायलीत दुसराच सरफेस घालून बघ. डेफिनेशन टिकली तर ती पॅरामेट्रिक. फाटली तर कुठे फाटली ते त्यानंच तोंडानं सांगायचं, आणि त्याचेही गुण द्यायचे. फायलींची अदलाबदलही करायला लाव. दुसऱ्याची नावं नसलेली, ग्रुप नसलेली गुंतागुंत उलगडायला बसलं की नीट मांडणीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. ऑफिसात हेच रोज करावं लागतं. गालापागोससारखं ऑप्टिमायझेशन (स्लायडर स्वतः हलवून सर्वांत चांगलं उत्तर शोधणारं साधन) मात्र शेवटच्या तासाला फक्त दाखव. क्षेत्रफळ कमीत कमी कर असं सांगितलं तर ते स्लायडर खालच्या टोकाला नेऊन आकार संपवूनच टाकेल, आणि मागणी नीट मांडणं किती कठीण असतं ते मुलांना दिसेल.

पायथनचं उत्तर थोडक्यात. शिक, पण डेटा ट्री हातात बसल्यावर. ग्रासहॉपरमध्ये डेटा एकाच दिशेनं वाहतो. वायर फिरून मागे जोडलीस तर ते नकार देतं. म्हणजे आधीच्या पायरीचं उत्तर पुढच्या पायरीला लागतं अशी कामं, उदाहरणार्थ फांद्यांसारखी वाढत जाणारी रचना, नुसत्या वायरींनी अवघड होतात. ॲनेमोनसारखं प्लगइन त्यातून वाट काढतं, पण पायथनमध्ये तेच काम मोजक्या ओळींत होतं. ही गरज स्वतःला जाणवली की शिकायला सुरुवात कर. आता एआयकडूनही स्क्रिप्ट लिहून मिळते, हे खरंच. मी त्याला विरोध करत नाही. पण मिळालेली स्क्रिप्ट चुकीचा आकार देतेय हे ओळखायला पुन्हा वरच्याच दोन गोष्टी लागतात : वायरींमधल्या डेटाचा हिशोब आणि साध्या वाक्यांत लिहिलेले नियम.

राहिली नोकरी. आईबाबांना खरं तेच सांग : फक्त ग्रासहॉपर चालवायच्या जागा थोड्या असतात, आणि त्या बहुतेक मोठ्या डिझाइन ऑफिसांत आणि फसाड, म्हणजे इमारतीच्या दर्शनी भागाच्या, सल्लागारांकडे. फसाडचं काम मला स्वतःला सर्वांत शिकवणारं वाटतं, कारण तिथे पिळलेली काच ही पैशांची आणि वेळेची गोष्ट होते, कॉलेजातल्या ज्युरीच्या (परीक्षकांच्या) शेऱ्याची राहत नाही. याशिवाय लेडीबग या प्लगइननं ऊन-सावली आणि उष्णतेचा अभ्यास करणारे, कारंबा या प्लगइननं भार तपासून स्ट्रक्चरच्या लोकांशी बोलणारे, दागिने आणि पादत्राणं डिझाइन करणारेही हेच टूल वापरतात. डायनामोकडे दुर्लक्ष करू नकोस. खोल्यांना नंबर देणं, दारांच्या याद्या तपासणं ही कामं दिसायला रटाळ आहेत, पण प्रत्येक मोठ्या प्रकल्पात ती असतात आणि ती आपोआप करून देणारा माणूस ऑफिसला हवाच असतो. पुढे शिकायचं असेल तर स्टुटगार्ट विद्यापीठाचा आयटेक आणि झुरिकच्या ईटीएचमधला आर्किटेक्चर व डिजिटल फॅब्रिकेशनचा अभ्यासक्रम हे दोन नीट वाचून काढ. निदान तिथले विद्यार्थी काय बांधतात ते तरी बघ.

पोर्टफोलिओत दहा सुंदर रेंडर ठेवू नकोस. एकच काम ठेव, पण पूर्ण : हातानं काढलेलं स्केच, नियमांची ती तीन वाक्यं, नावं दिलेली नीटस डेफिनेशन, तीच डेफिनेशन तीन वेगळ्या सरफेसवर चाललेली, आणि लेझर कटिंगनं खरोखर जोडलेलं छोटं मॉडेल. मॉडेल सोडू नकोस. खाच बोर्डच्या जाडीएवढी ठेवली आणि लेझरनं कडेचा जाळलेला अंश मोजला नाही, तर जोड सैल बसतो. पहिलं मॉडेल सैल बसलं तर त्याचाही फोटो ठेव आणि दुसऱ्यात कोणता आकडा किती बदललास ते खाली लिही. मुलाखत घेणारे त्या पानावर थांबतात.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा पहिला आठवडा झाला की त्यांनी लिहिलेल्या तिसऱ्या ओळी मला पाठव. पुढचे तीन आठवडे कसे आखायचे ते त्यावरून ठरवू.